तर्कदोष ओळखायचे कसे? नावांच्या आधी न बोललेलं वाक्य शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात, कामाच्या ठिकाणी किंवा मित्रांमध्ये वाद चालू असताना समोरच्याचं म्हणणं कुठेतरी चुकतंय हे जाणवतं, पण नेमकं कुठे ते त्या क्षणी सांगता येत नाही. तर्कदोषांच्या याद्या वाचल्या तरी ऐन वेळी त्यातलं काही आठवत नाही. मग हे दोष ओळखायला शिकायचं कसं?

तर्कशास्त्र शिकवण्यात आणि वादविवादांचं परीक्षण करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून ठामपणे सांगतो, की यादी पाठ करणं हा या कामातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग आहे. ॲरिस्टॉटलने १३ दोष मोजले, त्यातले ६ भाषेतून उद्भवणारे आणि ७ इतर. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, ५ हेत्वाभास (फसवी कारणं), ३ प्रकारचे छल (शब्दांचा अर्थ फिरवणं), २४ जाती (पोकळ हरकती) आणि २२ निग्रहस्थानं (वाद हरल्याच्या खुणा) आहेत. आजच्या याद्या शंभराच्याही पुढे जातात. नावं हवी तेवढी वाढवता येतात, कारण चुकण्याच्या वाटा अगणित आहेत. पण बहुतेक दोषांत घडतं ते एकच. कारण आणि दावा यांच्यामधलं एक वाक्य उच्चारलंच जात नाही, आणि ते उच्चारलं असतं तर कुणी मान्य केलं नसतं. ते वाक्य शोधायची सवय लागली की नाव आठवलं नाही तरी काही बिघडत नाही.

सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं उदाहरण घेऊ. "आमचे आजोबा आयुष्यभर सिगारेट ओढत होते आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. सिगारेटने काही होत नाही." यावर बहुतेक जण आजोबांवरच तुटून पडतात: खरंच ठणठणीत होते का, दिवसाला किती ओढत होते, खोकला नव्हता का. यात अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही, कारण आजोबांची गोष्ट खरी असू शकते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ती गोष्ट अक्षरशः खरी मानली, तरी निष्कर्ष निघतो का? तो निघायचा तर मध्ये हे वाक्य लागतं: "जी गोष्ट घातक असते ती प्रत्येकाचा जीव लवकर घेते." हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. म्हणणारा स्वतःच थबकतो.

ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सिगारेटच्या सवयींची आणि मृत्यूंची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षं ठेवली गेली. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिचा निष्कर्ष मांडला: सिगारेट ओढत राहिलेले लोक, कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं आधी गेले. सरासरी १० वर्षं म्हणजे कुणी वीस-पंचवीस वर्षं आधी गेले आणि कुणी नव्वदीही गाठली. म्हणजे आजोबांमुळे तो आकडा खोटा ठरत नाही, आजोबा त्या आकड्यात धरलेलेच आहेत. शिवाय पन्नाशीत गेलेल्या आजोबांची गोष्ट कुणी अशा फुशारकीने सांगत नाही, त्यामुळे कानावर येतात त्या तगलेल्यांच्याच गोष्टी. दुसऱ्या महायुद्धात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड यांच्यासमोर असाच प्रश्न होता. तपासायला मिळत होती ती फक्त परत आलेली विमानं. त्यांच्यावरच्या माऱ्याच्या खुणांवरून न परतलेल्या विमानांबद्दल काय सांगता येईल, याचं गणित त्यांनी मांडलं. परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर खुणा कमी दिसतात, तोच भाग नाजूक असण्याची शक्यता जास्त, कारण तिथे मार बसलेली विमानं परतलीच नाहीत. "मला दिसतंय ते कुठल्या चाळणीतून गाळून आलंय?" हा प्रश्न अनुभवाच्या गोष्टींवर आधारलेल्या प्रत्येक दाव्याला विचारावा.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला: कारण म्हणून सांगितलेली गोष्ट खरी आहे का? दुसरा: ती खरी मानली तरी दावा सिद्ध होतो का? पहिल्याचं उत्तर माहिती गोळा करून मिळतं, दुसऱ्याचं विचार करून. तर्कदोष बहुधा दुसऱ्या प्रश्नात सापडतो. बहुतेक वाद लांबतात ते पहिल्या प्रश्नातच अडकून राहिल्यामुळे.

दुसरा प्रश्न विचारण्याचं एक फार धारदार साधन आपल्या परंपरेत तयार आहे आणि ते वापरात राहिलं नाही याचं मला वाईट वाटतं. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान सगळ्यांना माहीत असतं. नैयायिकांनी, म्हणजे न्यायपरंपरेतल्या तर्कशास्त्रज्ञांनी, पुढे विचारलं: मग उलट चालेल का? आग आहे, म्हणून धूर असणारच? नाही चालत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आगीबरोबर धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. ही जी गुपचूप आत शिरलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. रोजच्या वादात उपाधी शोधत राहणं हा मला माहीत असलेला सगळ्यात उपयोगी सराव आहे.

"मेहनत केली की यश मिळतंच" हे वाक्य बघा. त्यातून दोन निष्कर्ष काढले जातात. एक, "तिला यश मिळालं, म्हणजे तिने मेहनत केली असणार." इथे जोडणीच चुकली. धूर-आगीचं उलट केलं, तसंच हे. यश वशिल्याने, योगायोगाने किंवा स्पर्धाच नसल्यानेही मिळू शकतं. दोन, "त्याला यश मिळालं नाही, म्हणजे त्याने मेहनत केली नाही." हा दुसरा युक्तिवाद रचनेने निर्दोष आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. मूळ वाक्य मानलं तर निष्कर्ष मानावाच लागतो. चूक मूळ वाक्यात आहे: मेहनतीने यश मिळतं ते संधी, प्रकृती, साधनं जागेवर असतील तर. ही उपाधी न बोलता गाळली जाते आणि अपयशी माणसावर आळशीपणाचा शिक्का बसतो. अशा वेळी "तुझा तर्क चुकला" म्हणणं बरोबर नाही. "तू ज्यापासून सुरुवात केलीस तेच तपासू" असं म्हणावं लागतं.

आता नेहमी भेटणाऱ्या दोषांकडे येतो. त्याआधी एक गोष्ट पक्की धरा, कारण याद्यांमधून ती निसटते. यादीतल्या जवळपास प्रत्येक दोषाला एक निर्दोष जुळं भावंड असतं. दिसायला तेच, पण तर्काला धरून. नावं पाठ केलेला माणूस दोघांनाही एकाच काठीने हाणतो. खरं कौशल्य त्यांना वेगळं करण्यात आहे.

माणसावर घसरणं हे पहिलं. "तुला काय कळतंय, तू अजून लहान आहेस." "तो त्या कंपनीकडून पैसे घेतो, त्याचं काय ऐकायचं!" यातलं चूक काय आणि बरोबर काय, हे ठरवायला मी एक कसोटी वापरतो: हेच म्हणणं कुणीतरी निनावी कागदावर लिहून दिलं असतं, तर त्याचं वजन कमी झालं असतं का? कागदावर हिशोब, प्रयोग, पुरावा असेल, तर लिहिणारा कोण याने फरक पडत नाही. तो हिशोब लहान मुलाने केला असला तरी बेरीज तीच. पण कागदावर "मी डोळ्यांनी पाहिलं, माझ्यावर विश्वास ठेवा" एवढंच असेल, तर ती साक्ष आहे, आणि साक्ष देणाऱ्याची विश्वासार्हता हाच तिथला मुद्दा आहे. न्यायालयात साक्षीदाराचा आरोपीशी जुना वैरभाव काढला जातो, तो तर्कदोष नव्हे. हितसंबंधांचंही तसंच. पैसे घेणाऱ्याचं म्हणणं जास्त बारकाईने तपासायला ते पुरेसं कारण आहे, न तपासता फेकून द्यायला नाही.

"आधी स्वतःकडे बघ" हे त्याचंच दुसरं रूप. सिगारेट ओढणारा डॉक्टर सिगारेट सोडायला सांगतो, तेव्हा त्याच्या वागण्यातली विसंगती खरी असते आणि त्याचा सल्लाही खरा असतो. दोन्ही एकदम खरं असू शकतं, ही गोष्ट रागाच्या भरात पचत नाही. "त्यांनी केलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" हा सवाल मात्र थोडा सांभाळून हाताळा. मुद्दा "हे कृत्य चूक आहे का" असा असेल, तर हा सवाल गैरलागू आहे, कारण दुसऱ्याच्या चुकीने पहिली चूक पुसली जात नाही. पण मुद्दा "नियम सगळ्यांना सारखा लावला जातोय का" असा असेल, तर तोच सवाल अगदी नेमका आहे. आधी आपण यातल्या कुठल्या मुद्द्यावर बोलतोय हे दोघांनी ठरवलं, की निम्मा वाद तिथेच शांत होतो.

बुजगावणं उभं करून त्याला पाडण्याचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, तरी तो सगळ्यात जास्त चालतो. "झोपायच्या आधी तासभर मुलांना मोबाइल देऊ नये." "म्हणजे तुला मुलांना तंत्रज्ञानापासून तोडायचंय!" खूण असते "म्हणजे" या शब्दात. त्यानंतर येणारं वाक्य मूळ वाक्यापेक्षा मोठं, सरसकट किंवा जास्त विचित्र असेल, तर सावध व्हा. अर्थात "म्हणजे"ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य लबाड नसतं. "म्हणजे तुझं म्हणणं असं का?" असं विचारून उत्तरासाठी थांबणारा माणूस बुजगावणं उभं करत नाही, तो समजून घेतोय. न थांबता हल्ला करणारा वेगळा. उतारा जुनाच आहे: आधी पूर्वपक्ष मांडा. समोरच्याचं म्हणणं असं सांगा की तो म्हणेल, "हो, हेच म्हणायचंय मला." मग खंडन करा. वादविवादात गुण देताना मी हे सर्वांत आधी पाहतो. विरोधी बाजू मांडताना वक्ता तिचं सगळ्यात मजबूत रूप घेतो की सगळ्यात कमजोर, यावरून त्याची तयारी लगेच कळते.

याच्या उलटा डाव कमी ओळखला जातो. माणूस आधी एक अचाट दावा करतो: "औषधांची गरजच नसते, सगळे आजार मनाने बरे होतात." तुम्ही हरकत घेता. लगेच तो मागे सरकतो: "मी एवढंच म्हणतोय की मनःस्थितीचा प्रकृतीवर परिणाम होतो. हेही तुला मान्य नाही?" हे कुणाला अमान्य असणार? तुम्ही गप्प बसता. तुमची पाठ वळताच तो पुन्हा औषधं फेकून द्यायला सांगू लागतो. बचाव करायचा सौम्य दाव्याचा आणि प्रचार करायचा जहाल दाव्याचा. तत्त्वज्ञ निकोलस शॅकेल यांनी २००५ मध्ये या डावाला नाव देऊन तो उलगडून दाखवला. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो: वाद सुरू होतानाच दावा शब्दशः लिहून घ्यायचा किंवा निदान मोठ्याने पुन्हा म्हणवून घ्यायचा. "आपण 'परिणाम होतो' यावर बोलतोय की 'औषध लागत नाही' यावर?" दोन्ही एकाच वेळी नको.

व्याख्या सरकवणं हाही त्याच घरचा प्रकार. "खरा कलाकार पैशासाठी काम करत नाही." तुम्ही पैशासाठी काम केलेल्या मोठ्या कलाकारांची नावं घेता. "मग ते खरे कलाकार नव्हेत." आता या विधानाला कुठलंही उदाहरण खोटं ठरवू शकत नाही, कारण विरोधी उदाहरण आलं की ते व्याख्येबाहेर ढकललं जातं. विचारावं इतकंच: "कुठलं उदाहरण दाखवलं तर तू हे मागे घेशील?" उत्तर "कुठलंच नाही" असेल, तर ते विधान जगाबद्दल काहीच सांगत नाही. "तो आरोप नाकारतोय, यावरूनच कळतं की तो दोषी आहे" हेही याच पंक्तीतलं. कबूल केलं असतं तरी दोषी, नाकारलं तरी दोषी. दोन्ही वेळा तोच निष्कर्ष निघणार असेल तर तो पुरावाच नव्हे.

कार्यकारणाच्या चुकांवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण शिकलेली माणसंही इथे सर्वाधिक फसतात आणि नुकसानही इथेच सर्वाधिक होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हे आपण सहज बोलून जातो. शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. पण स्वतःच्या बाबतीत तो आठवत नाही. सर्दी झाली, गोळी घेतली, पाच दिवसांत बरं वाटलं. साधी सर्दी आठवड्याभरात आपोआपच ओसरते. गोळीने काही केलं का, हे सांगायला गोळी न घेतलेल्यांचं काय झालं तेही माहीत हवं. "नाही तर काय झालं असतं?" हा प्रश्न इथे अनिवार्य आहे.

यात एक छुपा प्रकार आहे. त्याचं वर्णन मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी केलं आहे. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना ते सांगत होते की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस जास्त शिकतो. एका अनुभवी प्रशिक्षकाने विरोध केला. त्याचं म्हणणं होतं, की उत्तम कसरत केलेल्याचं कौतुक केलं की पुढची कसरत हमखास बिघडते, आणि वाईट केलेल्याला झापलं की पुढची सुधारते. त्याचं निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष चुकीचा होता. कुणाचीही अत्यंत चांगली किंवा अत्यंत वाईट कामगिरी अंशतः योगायोगाची असते. पुढच्या वेळी तो योगायोग तसाच जुळून येत नाही, त्यामुळे कामगिरी आपोआप सरासरीकडे सरकते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. आता विचार करा, हा दोष किती घरांत आणि किती वर्गांत रोज घडत असेल. मुलाला कमी गुण मिळाले की आपण रागावतो, पुढच्या वेळी गुण थोडे वाढतात आणि आपण म्हणतो रागावणं लागू पडलं. चांगले गुण मिळाल्यावर कौतुक केलं, पुढच्या वेळी थोडे घसरले, तर म्हणतो कौतुकाने डोक्यात हवा गेली. काहीच केलं नसतं तरी बहुधा असंच झालं असतं. आणि मुलांच्या वाट्याला कायमचा राग येतो. तर्कातली चूक कागदावर राहत नाही ती अशी.

आकड्यांनी सजलेला दोष त्याहून जास्त घातक ठरू शकतो. १९९९ साली इंग्लंडमध्ये एका आईला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. मुलांचे मृत्यू वेगवेगळ्या वेळी अचानक झाले होते. खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने सांगितलं, की अशा कुटुंबात एका बाळाचा नैसर्गिकरीत्या अचानक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन्ही बाळांची सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. इथे दोन चुका एकमेकींवर रचलेल्या आहेत. पहिली: ८,५४३ ला ८,५४३ ने गुणणं तेव्हाच चालतं, जेव्हा दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एकाच घरातल्या, एकाच आईवडिलांच्या मुलांत आनुवंशिक किंवा परिस्थितीची समान कारणं असू शकतात. दुसरी चूक जास्त खोल आहे. "आई निरपराध असेल तर असे दोन मृत्यू घडण्याची शक्यता" आणि "असे दोन मृत्यू घडलेले असताना आई निरपराध असण्याची शक्यता" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पण ऐकणाऱ्याला ती एकच वाटतात. मृत्यू घडलेलेच आहेत. आता तुलना करायची ती दोन दुर्मीळ शक्यतांची: दोन नैसर्गिक मृत्यू, आणि एका आईने केलेले दोन खून. दुसरी शक्यताही अतिशय दुर्मीळ असते, पण तिचा आकडा कुणी विचारलाच नाही. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकडेमोडीवर जाहीर आक्षेप घेतला. वैद्यकीय तपासणीचा एक महत्त्वाचा अहवाल बचाव पक्षापासून दडून राहिला होता असं उघड झालं आणि २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. तोवर त्या आईची तीनहून अधिक वर्षं तुरुंगात गेली होती. कुणी "इतकं अशक्य आहे, म्हणजे नक्कीच..." असं म्हटलं, की मला हा खटला आठवतो. विचारावं: "आणि दुसरी शक्यता किती अशक्य आहे?"

योगायोगाला स्मरणशक्ती नसते, हेही इथेच सांगून टाकतो. १९१३ साली मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा (लाल आणि काळ्या घरांच्या फिरत्या चक्रावरच्या जुगाराचा) चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. आता तरी लाल येणारच, या हिशोबाने लोकांनी पैसे लावले आणि गमावले. चक्राला आधीचे निकाल ठाऊक नसतात. "इतक्या वेळा अपयश आलं, आता यश येणारच" हा दिलासा म्हणून ठीक आहे, युक्तिवाद म्हणून नाही.

तज्ज्ञाचा हवाला देणं हा दोष आहे असं अनेक जण मानतात. मला हा गैरसमज घातक वाटतो. आपण प्रत्येक गोष्ट स्वतः तपासू शकत नाही. जाणकारावर विसंबणं शहाणपणाचंच आहे. दोष घडतो तो तज्ज्ञ स्वतःच्या क्षेत्राबाहेर बोलत असेल, किंवा क्षेत्रातले बाकीचे जाणकार पुराव्यासह वेगळं सांगत असतील तेव्हा. लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळाली. पुढे त्यांनी सर्दी टाळण्यासाठी जीवनसत्त्व क मोठ्या प्रमाणात घेण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. नियंत्रित चाचण्यांत मात्र सर्वसामान्य लोकांत ते नियमित घेतल्याने सर्दी होणं टळत नाही असंच दिसलं. रसायनशास्त्रातला अधिकार वैद्यकाच्या चाचण्यांची जागा घेऊ शकला नाही.

"सगळे हेच म्हणतात" आणि "पूर्वापार असंच चालत आलंय" यांवर फार थांबायला नको. बहुमत आणि परंपरा या कशाकडे तरी लक्ष वेधणाऱ्या खुणा आहेत, सिद्धता नव्हेत. "पूर्वापार" ऐकलं की "तेव्हा कशासाठी सुरू झालं आणि ते कारण अजून आहे का?" एवढं विचारलं की पुरतं.

"एक तर हे, नाही तर ते" याला तिसरी वाट दाखवावी लागते. "तू माझ्या बाजूने आहेस की विरोधात?" यात काही मुद्द्यांवर बाजूने आणि काहींवर विरोधात असण्याची जागा मुद्दाम बंद केलेली असते. पण दोनच पर्याय खरोखर असतात तेव्हा ("अर्ज मुदतीत पोचला किंवा नाही पोचला") तिसरा शोधत बसणं म्हणजे टाळाटाळ.

घसरणीचा युक्तिवाद, म्हणजे "आज बोट दिलं की उद्या हात धरणार", मला व्यक्तिशः सगळ्यात रंजक वाटतो, कारण तो कधी कधी पूर्ण बरोबर असतो. एका अपवादाने दुसऱ्या अपवादाचं कारण तयार होतं, हे नियम बनवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तपासायची ती साखळीतली प्रत्येक कडी: या पायरीवरून पुढची पायरी का येईल, आणि मध्ये कुणी थांबवू शकेल का? थोडं गणित केलं तर डोळे उघडतात. पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पुढची पायरी येण्याची शक्यता ८० टक्के आहे असं धरा. एकेक पायरी जवळपास नक्की वाटते. पाचही पायऱ्या घडण्याची शक्यता मात्र ३३ टक्क्यांच्याही खाली जाते. साखळी जितकी लांब आणि रंगतदार, तितकी ती मनाला पटते आणि तितकीच घडण्याची शक्यता कमी होत जाते.

पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. "तू खोटं सिद्ध करून दाखव" हे चालत नाही. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९५२ मध्ये सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीलाही न दिसणाऱ्या चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं ते यासाठीच. ती नाही हे कुणी सिद्ध करू शकत नाही, म्हणून ती आहे असं होत नाही. पण इथेही निर्दोष भावंड आहे. जी गोष्ट असती तर नक्की दिसली असती, ती नीट शोधूनही दिसली नाही, तर "नाही" म्हणणं हा योग्यच निष्कर्ष आहे. शोध किती कसून झाला, यावर ते ठरतं.

आता हे सगळं वापरायचं कसं, याबद्दल. समोरच्याला दोषाचं नाव ऐकवू नका. "हा तर तर्कदोष झाला" म्हटलं की ऐकणारा युक्तिवाद सोडून अब्रू सांभाळू लागतो. नावाऐवजी ते हरवलेलं वाक्य प्रश्न म्हणून पुढे ठेवा: "तुझं म्हणणं पटायला मला हेही मानावं लागेल ना, की जे घातक असतं ते प्रत्येकाला मारतं? तुला असं वाटतं का?" समोरचा बहुधा स्वतःच म्हणतो, "नाही, तसं नाही, पण..." आणि त्या "पण"नंतर खरं कारण बाहेर येतं. कित्येकदा ते मूळ कारणापेक्षा चांगलं असतं. दुसरं असं, की युक्तिवाद सदोष ठरला म्हणून दावा खोटा ठरत नाही. पृथ्वी गोल आहे असं कुणी अगदी हास्यास्पद कारण देऊन सांगितलं, तरी पृथ्वी गोलच. दोष दाखवल्यावर हाती एवढंच येतं, की या कारणाने हे सिद्ध झालेलं नाही. पुढचा शोध बाकी असतो.

आणि वाद कुठल्या जातीचा आहे हे आधी पाहा. न्यायपरंपरेने तीन प्रकार वेगळे केले: सत्य कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा काहीच पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. वितंडा करणाऱ्याला दोष दाखवून उपयोग नसतो. त्याला "तुझं स्वतःचं म्हणणं काय?" एवढं दोनदा विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर बोलणं तिथेच सोडून द्यावं.

सराव मात्र दुसऱ्यांच्या वादांवर करू नका. तुम्हाला पूर्ण पटलेला एखादा लेख घ्या. त्यातल्या "म्हणून", "त्यामुळे", "म्हणजेच" आणि "अर्थातच" या शब्दांखाली रेघ ओढा. प्रत्येक रेघेच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य कागदावर उतरवा आणि मधली जागा मोकळी ठेवा. त्या मोकळ्या जागेत, लेखकाने न लिहिलेलं पण त्याला लागणारं वाक्य लिहा. मग ते वाक्य लेखापासून वेगळं करून, तुमच्याशी सहमत नसलेल्या एखाद्या माणसाला दाखवा आणि विचारा, हे तुला मान्य आहे का. "अर्थातच"च्या आसपास विशेष बारकाईने बघा. कारण जिथे लिहिणाऱ्याकडे द्यायला कारण उरलेलं नसतं, तिथे हा शब्द वारंवार आलेला दिसेल.